ओल लागलेला माल

मी गोड खात नाही. लग्नात, बारशात कोणी ताट पुढे केलं की मी हात जोडते आणि समोरची बाई हमखास विचारते, "शुगर आहे का?" मी हो म्हणते. ते सोपं पडतं. खरं सांगायला बसले तर तिच्याही हातातला लाडू खाली ठेवला जाईल.

आमचा गोळ्यांचा कारखाना आहे. मारेगावात, वस्तीच्या शेवटी, टिनाच्या शेडमध्ये. आता फरशी आहे, जाळ्या आहेत, भिंतीवर परवान्याचा कागद चिकटवलेला आहे. माझ्या लहानपणी यातलं काही नव्हतं. मातीची जमीन होती आणि तिच्यावर सांडलेल्या पाकाचा काळा थर बसलेला असे. चालताना तळवा चिकटे आणि सुटताना चट् असा आवाज होई. दिवसभर तो आवाज. भट्टीवर वाकलेल्या माणसांच्या हनुवटीवरून घाम गळायचा, कुठे गळायचा ते मी पाहिलेलं आहे. कढईच्या काठावर गांधीलमाशा चिकटून मरायच्या आणि बाबा त्यांना झाऱ्याने भाजीतली मिरची काढावी तसं काढून बाजूला टाकायचे. उन्हाळ्यात माशा इतक्या व्हायच्या की दोरीवर वाळत घातलेलं कापड हललं तर कापडच हललं की त्यावरच्या माशा हलल्या ते कळत नसे. माझ्या केसांना, दप्तराला, अंथरुणाला जळक्या साखरेचा वास होता. लोकांना हा वास आवडतो म्हणे. मला अजूनही तो आला की घशाशी येतं.

सुरुवात आजोबांनी केली. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा आजोबा काम शोधत नागपूरकडे गेले आणि एका गोळ्यांच्या भट्टीवर कढया घासायला लागले. पाकाजवळ त्यांना येऊ देत नसत. त्यांनी लांबून पाहूनच सगळं शिकून घेतलं. पाक किती शिजवायचा, आंबटाला लिंबूफूल कधी टाकायचं, रंग कधी. चार-पाच वर्षांनी ते परत आले ते सागवानी साचे घेऊन. होळीला लेकरांच्या गळ्यात घालतात त्या साखरेच्या गाठीचे साचे. घरीच भट्टी घातली, टोपलीत गाठ्या भरल्या आणि गावोगाव फिरले. कोणी घेतल्या नाहीत. आजोबांना सगळे ओळखत होते. टोपली जशीच्या तशी परत आली.

शेवटी मारेगावच्या बाजारातल्या एका शेठजींनी ती घेतली. आत्ताच्या शेठचे वडील. त्यांची अट एवढीच होती की माल मागच्या बोळातून आणायचा आणि कुठे बोलायचं नाही. आजोबांनी ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी तीच गाठी शेठजींच्या दुकानात पुढे टांगलेली होती आणि संध्याकाळपर्यंत संपली. आमच्या घरी हा किस्सा कौतुकाने सांगितला जायचा. आजोबा किती हुशार, माल कसा खपवला. मीही लहानपणी तो हसून ऐकलेला आहे.

बाबांनी पुढे हाताने फिरवून गोळ्या पाडायचा पितळी रोलर आणला आणि संत्रा गोळी सुरू केली. ती बरणीत भरून मारेगावच्या, केळापूरकडच्या, वणीकडच्या किराणा दुकानांत जायची. शेठच्या नावाने.

चौथीत असताना पंधरा ऑगस्टला शाळेत गोळ्या वाटल्या. माझ्या शेजारी रोज बसणारी एक मुलगी होती, कुणब्यांची. तिच्या वडिलांचा कापसाचा मोठा धंदा होता. आम्ही एकाच कंपासमधलं खोडरबर वापरायचो. तिने गोळी तोंडात टाकली, गालात घोळवली आणि म्हणाली, "मस्त हाय न." मला इतका आनंद झाला की मी सांगून टाकलं, ही आमच्या घरची आहे, माझ्या बाबांनी केलेली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून गोळी थुंकली. रागाने नाही. तोंडात केस आला की आपण थुंकतो तसं. ती केशरी गोळी मातीत पडली, तिच्याभोवती लाळेचा धागा होता आणि त्या धाग्याला माती लागत गेली. तिने फ्रॉकच्या बाहीने जीभ पुसली. दोनदा पुसली. मला अजून तिची जीभच आठवते, केशरी झालेली.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, शाळेत येतील. ते रोलरला तेल लावत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुले सांगाची काय गरज होती?" ते म्हणाले.

आई मागे गोळ्या कागदात गुंडाळत होती. ती उठून पाणी प्यायला गेली. आईने या घरात गोळ्या केल्या, कागद गुंडाळले, पोती शिवली, पण गाठीला कधी हात लावला नाही. "त्याईच्या देवाचं काम मी नाही करत," एवढंच ती म्हणायची. विहारातल्या बायका तिला त्यावरून टोचायच्या, तुझा नवरा होळीच्या गाठ्या करते म्हणून. ती त्यांना उत्तर देत नसे आणि बाबांशी भांडतही नसे.

मी बी.एस्सी. केलं, मग डी.एड. केलं, नोकरी लागली नाही. भाऊ पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. माझं लग्न गावातच झालं, नवरा शाळेत कारकून. बाबांचे गुडघे गेले तेव्हा कारखाना मी बघायला लागले. मला वाटलं होतं की त्या घाणीचा सूड घ्यायची ही संधी आहे. मी जमीन खरवडून काढली. मजूर लावला होता, पण पहिला थर मी स्वतः खुरप्याने काढला. त्यात माशा होत्या, केस होते, एक पूर्ण झुरळ होतं, काचेत ठेवल्यासारखं. फरशी बसवली. कामावरच्या दोन बायकांना टोप्या आणि हातमोजे दिले. परवाना काढला. बाबा खुर्चीवर बसून पाहत असायचे आणि म्हणायचे, "दवाखाना करून राह्यली काय?"

एक गोष्ट मात्र मला सुधारता येत नव्हती. शेठकडून माल परत यायचा. ओल लागली, गोळी चिकटली, असं सांगून आठ-दहा खोकी तरी महिन्याला परत. मी सगळं करून पाहिलं. पाक जास्त शिजवला, थर्मामीटर आणलं, खोक्यात आतून प्लास्टिक घातलं, ग्लुकोज बदललं. यवतमाळच्या दुकानांत मी थोडा माल स्वतः पाठवायचे, तिथून कधी तक्रार नाही. फक्त शेठकडून. आणि नेहमी वरचाच थर चिकटलेला, खालचा कोरडा खडखडीत. त्या गोळ्यांवर पिवळट डाग असायचे आणि एक हलका वास यायचा. मला वाटलं पुठ्ठ्याचा असेल, किंवा गोदामात उंदीर असतील. एकदा नेमकं काय बिघडलं ते समजावं म्हणून मी त्यातली एक गोळी तोंडात टाकली आणि शेवटपर्यंत चोखली. किती मऊ पडली, आंबट किती उतरली, हे वहीत लिहून ठेवलं.

हा परत आलेला माल बाबा वाया जाऊ देत नसत. कढईत पाणी घालून तो विरघळवायचा, उकळायचा, वर आलेली मळी काढायची, मग त्यात चिंच, काळं मीठ, जिरं, थोडं तिखट आणि भरपूर गडद रंग. झाली चिंचगोळी. आजोबांच्या वेळेपासूनची रीत. आमची सगळ्यात जास्त खपणारी गोळी तीच होती. मी लहानपणी फक्त तीच खायचे. माझ्या दोन्ही लेकरांच्या खिशात कायम तीच असायची आणि धुताना पँटच्या खिशाचं अस्तर काळं निघायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीला पंधरा दिवस होते. माल नेणारा ऑटोवाला आला नाही म्हणून मी दुसरा ऑटो केला आणि स्वतः गाठ्या नि गोळ्या घेऊन शेठकडे गेले. दुपारचे तीन वाजले असतील. ऑटो पुढच्या रस्त्यावर उभा केला तर शेठचा माणूस धावत आला, म्हणाला, "ताई, मांगून, मांगून." मी मागच्या बोळात गेले. खोकी उतरवून झाली. पावतीवर सही घ्यायची राहिली म्हणून मी पाच मिनिटांनी परत आत गेले.

शेठ स्वतः गोदामात उभे होते. साठीचे, अंगाने भरलेले, बोलायला अतिशय गोड माणूस. मला लहानपणापासून बेटा म्हणतात, माझ्या लेकरांचे मार्क विचारतात. त्यांच्या हातात थंड पेयाची प्लास्टिकची बाटली होती, झाकणाला सुईने भोकं पाडलेली. आमची खोकी एका ओळीत उघडून ठेवली होती आणि ते बाटली उलटी करून एकेका खोक्यावर शिंपडत जात होते. उन्हाळ्यात दारापुढे धूळ बसावी म्हणून पाणी मारतात तितक्या सवयीने. बाटलीतलं पाणी पिवळं होतं. वास आला आणि मला तो वास ओळखू आला. पुठ्ठ्याचा नव्हता, उंदरांचाही नव्हता.

"शेठ, हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. बाटली खाली ठेवायचीही त्यांना घाई वाटली नाही.

"काही नाही बेटा, गोमूत्र आहे. गाठी देवाले जाते न. मी काही मानत नाही, तुले तर माहीत आहे. पण गिऱ्हाइकं विचारते. कोणी काही म्हटलं तर आपल्याले सांगता येते."

"आणि गोळ्या? गोळ्या तर देवाले नाही जात."

"आता सवय आहे. वडील करत होते." ते हसले. "तू मनावर घेऊ नको. तुमचा माल एक नंबर असते."

माझ्या हातात पावती होती. मला आठवतं, मी त्यांच्याकडून सही घेतली. पेन त्यांचंच होतं आणि त्यांची बोटं ओली होती. पावतीच्या कोपऱ्याला डाग पडला. मी ती पावती पर्समध्ये ठेवली आणि ऑटोत बसले. केळापूरच्या फाट्याआधी ऑटो थांबवायला सांगितला आणि रस्त्याच्या कडेला कापसाच्या वाळल्या पळाटीच्या ढिगाशी ओकले. पोटातलं सगळं निघालं तरी जिभेवर त्या एका गोळीची चव होती, जी मी शेवटपर्यंत चोखून वहीत लिहिली होती. चव खरी होती की मनाची, मला माहीत नाही. ऑटोवाला म्हणाला, ऊन लागलं असन. तो ज्या वाटेने मला घेऊन चालला होता ती आमच्या घराची नव्हतीच. मीच त्याला पुढे, पुढे म्हणत बसले होते. घरी जायचं नव्हतं मला.

पण जावं लागलं. बाबा शेडमध्ये होते. कढईत परत आलेला माल विरघळत होता आणि ते झाऱ्याने मळी काढत होते. पिवळट फेस होता. मी गॅस बंद केला. मी काय पाहिलं ते सांगितलं. सांगताना माझा आवाज चिरकत होता आणि मला वाटत होतं की आता यांना धक्का बसेल, यांना सांभाळावं लागेल.

बाबा झारा धरून उभे राहिले. मग त्यांनी तो नीट कढईच्या काठाला झटकला.

"माहीत हाय मले," ते म्हणाले.

"कवापासून?"

"पयल्यापासून. तुह्या आजालेही माहीत होतं."

कामावरच्या बायका तिकडे गोळ्या तोलत होत्या, त्यांनी हात थांबवले होते.

"आणि तुम्ही हे परत उकळता? आमाले खाऊ घातलं?"

"उकळल्यावर काय राह्यते त्यात. सारं जळून जाते," बाबा म्हणाले. वर म्हणाले, "मी बी खाल्लं न."

जणू हिशेब मिटला. मला बापाच्या अंगावर हात टाकावासा वाटला, खरंच वाटला. आणि त्याच वेळी त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं, पाकाने भाजून भाजून ज्यांची बोटं पूर्ण वळत नाहीत त्या हाताकडे. मला त्या हाताचीही किळस आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आली.

मी ती कढई मागच्या नाल्यात ओतली. परत आलेली सगळी खोकी ओतली. नाल्याच्या काठाला दोन दिवस मुंग्यांची जाड काळी पट्टी होती. शेठला फोन करून सांगितलं की यापुढे माल मिळणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. "रागात निर्णय घेऊ नको बेटा," म्हणाले.

मी इथे फार शहाणी, फार स्वच्छ दिसते आहे, म्हणून उरलेलंही सांगते. त्या दिवशी चिंचगोळीच्या तीसेक बरण्या बाजारात होत्या. मारेगावात, वणीच्या रस्त्यावरच्या पानठेल्यांवर. मी त्या परत मागवल्या नाहीत. मागवल्या असत्या तर का म्हणून सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर कारखाना बंद पडला असता. आठवडाभर मी बाजारातून जाताना लेकरं ती काळी गोळी चोखताना पाहिली. एका छोट्या मुलीने जीभ बाहेर काढून मैत्रिणीला दाखवली, किती काळी झाली म्हणून. मी मान वळवली आणि चालत राहिले. शेठमध्ये आणि माझ्यात त्या आठवड्यात कितीसा फरक होता, हा विचार मी फार वेळ करत नाही.

मग मी पुड्या छापल्या. संत्र्याचं चित्र, वजन, परवाना क्रमांक आणि खाली बनवणाऱ्याचं नाव, बाबांचं, आडनावासकट. बाबा म्हणाले, आडनाव राहू दे. मी ऐकलं नाही. यवतमाळला, वणीला, पांढरकवड्याला दुकानं फिरले. दुकानदार पुडी हातात घेतात, चित्र पाहतात, उलटी करतात. नाव वाचताना त्यांचा अंगठा कुठे थांबतो ते मला आता कळतं. काही जण पुडी हळूच काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, सध्या माल पडून आहे. काही जण घेतात. एका दुकानदाराने नाव मोठ्याने वाचलं आणि दहा पुड्यांच्या जागी वीस घेतल्या. आपली माणसं आहेत, म्हणाला. मला तेही आवडलं नाही. गोळी कोणी तोंडात टाकून पाहिली नाही. धंदा पूर्वीच्या निम्म्यावर आला आणि तिथेच आहे. दोन बायकांपैकी एकीला कामावरून कमी करावं लागलं. ती अजून रस्त्यात दिसली की बोलत नाही.

बाबांनी सहा महिने अबोला धरला. शेडकडे यायचे नाहीत, घरीच बसायचे. मला वाटलं, हळूहळू पटेल त्यांना.

यंदा होळीच्या आठवड्यात मी दुपारी अचानक आईकडे गेले. दार लोटलेलं होतं. घरात तोच वास होता, ताज्या पाकाचा. बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, समोर आजोबांचे सागवानी साचे, दोरे घालून बांधलेले, आणि ते पातेल्यातून एकेका साच्यात पाक सोडत होते. गुडघे दुखतात म्हणून एक पाय लांब पसरलेला. बाजूला टोपलीत वीस-पंचवीस गाठ्या झाकून ठेवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र होत्या. त्यांच्या हाताला अजून तशी जमते, मला जमत नाही.

"हे कोणासाठी?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"शेठनं निरोप पाठवलता. घरच्यापुरत्या पाह्यजे म्हणे. दुसऱ्याची गाठी त्याईच्या घरी चालत नाही."

"मांगून नेऊन देणार?"

बाबांनी साच्याला बोटाने टिचकी मारून पाक बसवला.

"बाबा, ते त्याच्यावर मुततात," मी म्हणाले. मला दुसरे शब्द सुचले नाहीत.

"माह्यासमोर नाही करत," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वर पाहून, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "साठ वर्षं झाली. त्याईच्या घरच्या सगळ्या लेकराईच्या गळ्यात आपली गाठी गेली. नातवाच्या, पणतूच्या. मले बरं वाटते."

मी आईकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि भांडी घासत होती. गाठीची भांडी नव्हती, तिची स्वतःचीच होती.

मी बाबांना अडवलं नाही. साचे हिसकावले नाहीत, टोपली उलटी केली नाही. त्यांनी बाजारापर्यंत सोडून दे म्हटलं असतं तरी मी गेले नसते, एवढंच. त्यांनी म्हटलंही नाही. चार वाजता ते धुतलेला पांढरा शर्ट घालून, टोपली डोक्यावर नव्हे तर काखेत घेऊन, भिंतीच्या आधाराने पायऱ्या उतरले आणि बाजाराकडे निघाले. कोपऱ्यावर, मागच्या बोळाच्या वाटेला वळताना त्यांनी टोपलीवरचं कापड नीट केलं.

आईने मला चहा दिला. मी साखर घालू नको म्हटलं, ती म्हणाली, "घातलीच नाही." आम्ही दोघी तो कडू चहा प्यायलो. जमिनीवर पाकाचे थेंब सांडले होते आणि उठताना माझा पाय एका थेंबावर पडला. मी फडकं ओलं केलं आणि सगळी जमीन पुसून काढली, कोपऱ्यापासून दारापर्यंत, आई राहू दे म्हणत होती तरी.